‘दावं तेवढं सोडलं असतं तर…’ : आघातानंतर स्वतःशी मायेनं वागणं म्हणजे काय?

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत लोकांनी रातोरात घरं सोडली. एरवी वर्षातले कित्येक महिने जिचं पात्र कोरडं असतं, ती ही नदी. पाणी ओसरलं, पंचनामे सुरू झाले, खरवडून गेलेल्या जमिनीचे आणि वाहून गेलेल्या जनावरांचे आकडे पेपरात आले. त्यानंतर काही आठवड्यांनी नदीकाठच्या एका गावातली बाई माझ्यासमोर बसली होती. (मी समुपदेशनाचं काम करते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन्ही लेकरं आणि सासू वाचली होती. ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “दावं तेवढं सोडलं असतं तर, ताई.”

गोठ्यात म्हैस बांधलेली राहिली होती.

पत्र्यावर पाऊस वाजला की तिच्या छातीत धडधडायचं, झोप उडालेली, जेवण तुटलेलं. पण पाण्याच्या आठवणीपेक्षाही तिला जास्त झिजवत होता तो मनात चाललेला खटला. फिर्यादी तीच, न्यायाधीश तीच, आणि तिची बाजू मांडायला कुणीच नाही. अशा वेळी स्वतःची बाजू प्रामाणिकपणे मांडता येणं, याला मानसशास्त्रात ‘स्व-करुणा’ म्हणतात. शब्द जड आहे. मी ‘स्वतःशी माया’ असंही म्हणेन.

आघात इतक्या जणांवर होतो, मग सगळेच का मोडत नाहीत?

जिवावर बेतलेला प्रसंग, अत्याचार, अपघात, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, किंवा असं काही डोळ्यांसमोर घडताना पाहणं, याला आघात म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी अशा प्रसंगातून जातात. पण त्यातून पुढे ‘आघातोत्तर ताणविकार’ होतो तो जेमतेम ५.६ टक्के लोकांना. तो प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण देणारी प्रत्येक गोष्ट टाळणं, सतत दचकत राहणं, आणि हे महिनाभरानंतरही न थांबणं, म्हणजे हा विकार. पहिले काही दिवस झोप न येणं, दचकणं, रडू येणं हे जवळपास सगळ्यांनाच होतं. तो आजार नव्हे.

मग फरक कशानं पडतो? प्रसंग किती भयंकर होता, आधी किती सोसलेलं आहे, भोवती माणसं आहेत का, चूल पेटते आहे का, या सगळ्यानं. ज्या गोष्टी हा फटका कमी करतात त्यांना ‘संरक्षक घटक’ म्हणतात. पावसाळ्याआधी आपण पत्र्याची भोकं डांबर लावून बुजवतो. त्यानं पाऊस कमी पडत नाही, घर कमी गळतं. स्व-करुणा हा असाच एक घटक आहे. एकमेव नाही, हे आत्ताच सांगते.

मन स्वतःलाच का धरतं?

त्या रात्री तिला काय माहीत होतं, ते बघा. लाईट गेलेली, अंगणात घोटाभर पाणी. ते थांबेल की चढेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं आधी लेकरं उचलली, मग सासूचा हात धरला. मागे वळेपर्यंत पाणी कमरेच्या वर गेलं होतं.

आज ती त्या रात्रीकडे बघते तेव्हा तिला शेवट माहीत असतो. शेवट माहीत झाला की सुरुवातीच्या सगळ्या खुणा ठळक दिसायला लागतात. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. घटनेचा निकाल कळला की माणसांना तो आधीपासूनच उघड होता असं वाटू लागतं, आणि असं वाटतंय याचा त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे ही बाई आजच्या माहितीवर त्या रात्रीच्या स्वतःचा निवाडा करत होती. मागाहून आलेलं शहाणपण तेव्हाच का नव्हतं, म्हणून शिक्षा.

दुसरं कारण मला जास्त दुखरं वाटतं. चूक आपली होती असं मानलं, तर निदान एक आधार उरतो की पुढच्या वेळी चूक केली नाही म्हणजे झालं. नदी आपल्या हातात नाही, हे मान्य करणं त्याहून भीतीचं असतं. म्हणून मन दोष पत्करतं, पण भीती नको म्हणतं. त्यात भर आजूबाजूच्यांची. “तेवढं बघायला नको होतं का?” असं कुणीतरी बोलून जातं. त्याच्या मनात वाईट नसतंही, पण ऐकणारीच्या मनात ते कोरलं जातं.

इथल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तुम्ही कुठे होता. किल्लारीच्या भूकंपानं सोलापूरही हादरलं होतं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, दमलेली माणसं गाढ झोपेत होती. ज्यांच्या घरातले सगळे गेले आणि एकटेच उरले, त्यांना ‘मीच का राहिलो?’ हा प्रश्न पुढे किती वर्षं छळत राहिला असेल! यात त्यांची काडीइतकीही चूक नव्हती. तरीही जगल्याचं ओझं होतं. स्वतःला बोल लावायला मनाला पुरावा लागत नाही.

आणि शरीर हे सगळं ऐकत असतं. पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची मांडणी इथे कामाची आहे. धोका दिसला की शरीर सावध होतं, हृदय धडधडतं, स्नायू ताठरतात. कुत्रं अंगावर आलं तर हे हवंच. पण दिवसातून पन्नास वेळा आपणच आपल्याला ‘तू नालायक आहेस’ म्हणत राहिलो, तर तोही शरीराच्या लेखी हल्लाच ठरतो. बाहेरचं पाणी ओसरलं तरी आतली धोक्याची घंटा वाजतच राहते. याच शरीरात शांत करणारी दुसरी यंत्रणाही आहे. तान्ह्याला थोपटलं की ते निवतं, तापात कुणी कपाळावर हात ठेवला की बरं वाटतं, ती हीच. गिल्बर्ट म्हणतात, ही यंत्रणा दुसऱ्याच्या मायेनं जागी होते, तशी स्वतःच्या मायेनंही होऊ शकते.

तीन धागे

ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३मध्ये स्व-करुणेची व्याख्या केली आणि ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. मूळ विचार त्यांनी बौद्ध परंपरेतून घेतला, तेव्हा हे परदेशी खूळ आहे असं मानायचं कारण नाही. करुणेचा हा विचार आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. नेफ यांच्या मते स्व-करुणेत तीन गोष्टी एकत्र असतात.

पहिली, भान. सोलापुरात चादरीचा कारखाना आतून पाहिला असेल, तर माहीत असेल की तार तुटली तर माग थांबवावा लागतो. लक्षच गेलं नाही आणि खटखटाट चालू राहिला, तर दोष कापडात लांबत जातो. कामगार माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, आणि माग पुन्हा सुरू करतो. मनाचं तसंच. ‘आत्ता मला अपराधी वाटतंय, पोटात गोळा आलाय’ हे ओळखणं म्हणजे टोक सापडणं. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून रेटत राहिलं तर टोक सापडत नाही. आणि दिवसभर त्याच आठवणीत बुडून राहिलं तरी सापडत नाही.

दुसरी, आपण एकटे नाही ही जाणीव. आघातानंतर माणसाला वाटतं की बाकी सगळे धड आहेत, मीच तेवढा मोडका. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठ्या) निघतात तेव्हा ते आळीपाळीनं पेलले जातात. एक दमला की दुसरा पुढे होतो, आणि ‘तुला झेपलं नाही’ असं कुणी त्याला म्हणत नाही. दमणं हे ध्वज पेलण्यातच आलं. चुकणं, घाबरणं, वेळेवर न सुचणं हेही तसंच माणूस असण्यात आलं. ‘त्यांचं बघ, त्यांचं तर घरच गेलं’ असं म्हणून स्वतःचं दुःख छोटं करणं मात्र यात बसत नाही. तसं केलं की आपण पुन्हा एकटेच पडतो, वर तक्रार करायचीही लाज वाटू लागते.

तिसरी, माया. त्या बाईला मी विचारलं होतं, “तुमच्या जाऊबाईंची म्हैस अशी राहिली असती, तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असतात?”

ती चटकन म्हणाली, “म्हणले असते, बाई गं, लेकरं काढलीस की बाहेर. म्हशीचं काय घेऊन बसलीस?”

मग ती गप्प झाली. बराच वेळ. तेव्हा पहिल्यांदा रडली.

याला पुरावा काय?

डिसेंबर २०१०मध्ये इस्रायलमध्ये हैफा शहराजवळच्या कार्मेल डोंगरावर वणवा पेटला आणि ४४ माणसं गेली. त्या भागातल्या ६४ किशोरवयीन मुलामुलींना संशोधकांनी आगीनंतर लगेच, आणि पुढे तीन व सहा महिन्यांनी तपासलं. ज्यांच्यात स्व-करुणा जास्त होती, त्यांच्यात पुढच्या काळात आघाताची लक्षणं, निराशा आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. हा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इराक-अफगाणिस्तानात लढून आलेल्या ११५ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास आला. युद्धात कोणी किती भोगलं हे हिशेबात धरल्यावरही, ज्यांची स्व-करुणा अधिक होती त्यांची लक्षणं वर्षभरानंतर सौम्य होती. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. काय घडलं ते बदलता येत नाही, पण घडल्यानंतर आपण स्वतःशी कसं वागतो ते थोडं तरी बदलता येतं.

या संशोधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पुष्कळ अभ्यास एकाच वेळी माहिती घेऊन केलेले आहेत. त्यातून स्व-करुणेमुळे मन सावरलं, की सावरलेल्या मनाला स्वतःवर माया करणं सोपं गेलं, हे नक्की ठरत नाही. नेफ यांच्या प्रश्नावलीवरही आक्षेप आहेत. तिच्यातले काही प्रश्न मुळात निराशेच्या लक्षणांसारखेच आहेत, असं काही संशोधक म्हणतात. म्हणून वर दिलेल्या दोन अभ्यासांसारखं, माणसांच्या मागे महिनोन्‌महिने राहून केलेलं काम मला अधिक वजनदार वाटतं.

“हे तर स्वतःचे लाड झाले”

हा आक्षेप घरोघरी आहे, विशेषतः पुरुषांकडून येतो. लाड आणि माया यांतला फरक आईला विचारावा. पोराला ताप असताना तो मागतो म्हणून बर्फाचा गोळा देणं हे लाड. कडू औषध पाजायचं आणि पाजताना त्याला मांडीवर घ्यायचं, ही माया. स्वतःशी माया करणारा माणूस डॉक्टरकडे जातो, दारू आवरती घेतो, कर्जाच्या हिशेबाची वही उघडतो. स्वतःला शिव्या घालणारा बहुतेकदा ती वही उघडतच नाही, कारण उघडली की पुन्हा शिव्या.

“पण चूक खरंच माझीच असेल तर?”

हा प्रश्न खरा आहे. गाडी आपण चालवत होतो, डोळा लागला, आणि शेजारी बसलेला गेला. अशा माणसाला ‘तुझं काही चुकलं नाही’ म्हणणं खोटं आहे, आणि त्यालाही ते कळतं.

इथे दोन भावना वेगळ्या करू. ‘मी चुकीचं केलं’ हा पश्चात्ताप. ‘मीच वाईट आहे’ ही शरम. पश्चात्तापातून माणूस माफी मागतो, भरपाई करतो, रात्रीची गाडी चालवणं सोडतो. शरमेत तो तोंड लपवतो. स्व-करुणा शरम उतरवते, त्यामुळे चुकीकडे नजर रोखून बघण्याचं बळ येतं. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड परीक्षा दिली. तीत कमी पडलेल्यांपैकी काहींना स्वतःकडे करुणेनं बघायला सुचवलं. त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. परीक्षा आणि अपघात यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण ‘माया केली की माणूस सैल पडतो’ ही जी आपली पक्की समजूत आहे, तिला यानं धक्का बसतो.

“आधी भरपाई द्या, मग करुणा शिकवा”

बरोबर आहे. ज्याचं पंचनाम्यात नाव नाही, ज्याच्या शेतात मातीच उरलेली नाही, त्याच्यापुढे करुणेवर व्याख्यान देऊ नये. अन्न, निवारा, पैसा, सुरक्षितता हे आधी. घरात मार खाणाऱ्या बाईनं स्वतःवर माया करायची म्हणजे मारणाऱ्याला समजून घेत तिथेच राहायचं, असाही अर्थ कुणी काढू नये. तिच्यासाठी तिथून बाहेर पडणं, पोलिसांत तक्रार देणं, हीच स्वतःवरची माया.

आणखी एक सापळा मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. ‘मला साधी स्वतःवर मायाही करता येत नाही’ म्हणून लोक स्वतःला नव्यानं झोडपू लागतात. सावरण्याची सगळी जबाबदारी ज्याच्यावर आघात झाला त्याच्यावरच टाकली की हे होणारच. अशा माणसाजवळ दुसऱ्या कुणीतरी आधी मायेनं बसावं लागतं. ज्यानं माया पाहिलीच नाही, त्यानं ती स्वतःसाठी आणायची कुठून?

“मायेनं बोलायला गेले की जास्तच रडू येतं”

येतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो. उठल्यावर रक्त परततं तेव्हा मुंग्या येतात, कळा येतात, क्षणभर वाटतं बधिर होता तेच बरं होतं. बधिर मनाचंही तसंच होतं. लहानपणी ज्यांना मायेऐवजी मार मिळाला, त्यांना तर मायेचीच भीती वाटते. म्हणून घाई करू नये. दोन मिनिटं पुरे. जीव घाबरा झाला तर थांबावं, डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत. तेवढं थांबणं हीसुद्धा स्वतःची काळजीच.

घरी करायचं कसं?

लिहिता येणाऱ्यांना मी पत्र लिहायला सांगते, जिवलग मैत्रिणीला लिहावं तसं, पण स्वतःला. लिहिता येत नसेल किंवा नको वाटत असेल, तर भाकरी थापताना, माग चालवताना, गाडी पुसताना मनात बोलायचं. स्वतःला ‘तू’ म्हणायचं. आधी काय वाटतंय ते सांगायचं: “तुला आत्ता धस्स झालंय.” मग: “अशा रात्रीनंतर कुणालाही होईल.” मग जे आपण जावेला, भावाला, शेजारणीला म्हटलं असतं ते. आवाज हळू ठेवायचा. छातीवर हात ठेवून बरं वाटत असेल तर ठेवायचा. वाक्यं छान सजवलेली नसावीत. आपल्या घरात जी बोली बोलतात, तेलुगू असो, कन्नड असो, दख्खनी असो की मराठी, तीच वापरावी. माया पुस्तकी भाषेत पोहोचत नाही, हा माझा अनुभव आहे.

यानं सगळं भागेल असं नाही. महिना उलटूनही तो प्रसंग झोपेत-जागेपणी अंगावर येत असेल, कामाला जाणं सुटलं असेल, दारू वाढली असेल, तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. या विकारावर प्रभावी उपचार आहेत. आणि मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जायला हवं. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

ती बाई मधे पुन्हा भेटून गेली. नवी म्हैस घेतली आहे, भावानं पैसे दिले. पाऊस वाजला की अजून जाग येते, पण पुन्हा झोप लागते म्हणाली. संध्याकाळी दावं बांधताना हात थरथरतो का, असं मी विचारलं. “थरथरतो की,” ती म्हणाली. “पण आता निरगाठ नाही मारत, ताई. सुरगाठ मारते. एका हिसक्यात सुटते.”